डोळ्यांची पातळी

मानेचा एक्स-रे उजेडाला धरून
डॉक्टर म्हणाले, औषध लिहून देतो, मगदूमबाई,
पण दुखणं मानेत नाही,
टेबलावर आहे.

तेव्हापासून मी टेबलाकडे संशयानं बघते.

पाटबंधारे खात्याचं टेबल. सागवानी,
दौतीसाठी खळगा असलेलं,
मान खाली घालून लिहिणाऱ्यांसाठी केलेलं.
पुढे त्यावर एक पडदा आणून ठेवला
आणि मान तशीच राहिली.
बावीस वर्षं.

शुक्रवारी साहेब ताकारीला गेले तेव्हा
दस्तगीरमामा पेचकस घेऊन आले.
गळ्यात भावाच्या दुकानातली शिंप्याची टेप.
"बसा. नेहमी बसता तसं. शहाण्यावानी नको."
बसले.
पुलाच्या खांबावरची पट्टी वाचावी
तसं त्यांनी मला वाचलं,
आधी फूट, मग इंच.

खुर्ची चार बोटं खाली आली.
पाय फरशीला टेकले,
आणि कळलं, इतकी वर्षं
मी लोंबकळत काम करत होते.
कोपर काटकोनात.
मनगटाला कालव्याइतकाच उतार,
म्हणजे जवळजवळ नाहीच.
कमरेमागे घडी घातलेली शाल,
कुणाच्या तरी सत्कारातली, कपाटात पडून होती.
टेबल फिरवलं. खिडकी आता बाजूला;
नदीकडून येणारं ऊन
कानावर पडतं, आकड्यांवर नाही.

राहिला पडदा.
वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी,
मी कागदावरून वाचून दाखवलं.
"म्हंजे डोळं ही धोक्याची पातळी," मामा म्हणाले,
"पाण्यानं तितपत यायचं. वर न्हाई."
सांगलीत एवढं पुरतं.
इथं पावसाळ्यात पोरंसुद्धा फुटांत बोलतात:
आयर्विनला किती?
बत्तीस.
मग झोपा.

कपाटातून चार रजिस्टरं निघाली,
पाण्याच्या पातळीची, कापडी बांधणीची,
कडेला गाळाची तपकिरी रेघ;
एका वर्षी नदीच आत येऊन
स्वतःच्या नोंदी चाळून गेली होती.
चारही पडद्याखाली. साडेपाच इंच.
मान वर.
समोरच्या भिंतीवर एक पाल राहते
हे मला त्या दिवशी कळलं.

अकरा दिवस बरे गेले.

मग वरून पत्र: जुन्या नोंदी संगणकात भरा,
तातडीनं.
कुठल्या वर्षीच्या?
अर्थात, खालून दुसऱ्या रजिस्टरातल्या.

काढलं. पडदा दीड इंच उतरला,
पूर उतरतो तसा, आवाज न करता.
रजिस्टर मांडीवर. मान पुन्हा खाली.
निळ्या शाईत भूपाल चौगुले, मोजणी कारकून:
रात्री दोन, सदतीस फूट नऊ इंच.
रात्री तीन, अडतीस फूट चार.
पहाटे चार, अडतीस अकरा.
शेरा: बॅटरीचे सेल संपले, काडी ओढून वाचले.

कठड्यावरून ओणवं होऊन रात्रभर
त्यांच्या मानेचं काय झालं असेल,
शेऱ्याच्या रकान्यात तेवढी जागा नव्हती.

मी भरत गेले. संध्याकाळी
मानेत तोच जुना काटा.
या वेळी त्याला नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामांनी मार्केट यार्डातून
हळदीच्या नमुन्यांची चपटी पेटी आणली.
"ही कुणी मागायला येत न्हाई."
दुपारी यंत्र तापलं की
पेटी थोडा थोडा वास सोडते,
आणि सरळ समोर बघितलं की
पडद्यावरून दार दिसतं,
दाराबाहेर मामांचं स्टूल,
पाठ नसलेलं, एका पायाखाली पुठ्ठा.

टेप माझ्याच खणात राहिली होती.

मामा, बसा. नेहमी बसता तसं.
"माझं कशाला? धा महिनं उरल्यात."

फरशीपासून गुडघ्यापर्यंत:
सतरा इंच.
लिहून घेतलं,
तारीख आणि वेळेसकट.